ग्रेट डेनचं पिल्लू रोज क्रेट ओला करतंय? आधी डाग कुठे पडतो ते बघा

मोठ्या जातीचं पिल्लू घरी आणलेल्यांकडून एकच गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. क्रेट, म्हणजे पिल्लाला झोपवायचा तारेचा पिंजरा, चांगला आहे, आतली जाळी लावून जागा कमी केली आहे, रात्री अकराला खाली फिरवून आणतो, तरी सकाळी तळाच्या ट्रेमध्ये शू. मध्येच चार दिवस कोरडे जातात, वाटतं जमलं, आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या रेवाने, म्हणजे ग्रेट डेन मादीने, हे बरेच दिवस केलं. तेव्हा जे शोधत गेले आणि नंतर ओळखीतल्या तीन-चार घरी जे उपयोगी पडलं, ते इथे लिहिते. ग्रेट डेन समोर ठेवून लिहिलंय, पण सेंट बर्नार्ड आणि मॅस्टिफ यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

मूळ घोळ एकच आहे. हे पिल्लू अंगाने वासरू असतं आणि वयाने तान्हं. चार महिन्यांची डेन मादी वीस किलोच्या पुढे गेलेली असते. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "दीड वर्षाची आहे का हो?" सतत असं ऐकून आपल्याही डोक्यात ती मोठी होऊन बसते. तिचं मूत्राशय मात्र चार महिन्यांच्याच पिल्लाचं असतं. क्रेट निवडताना आपण तिच्या भावी देहाचा विचार करतो आणि वेळ ठरवताना आजच्या देहाकडे बघून फसतो. दोन्हीकडे चूक होते आणि दोन्हीचा परिणाम एकाच ट्रेमध्ये दिसतो.

डाग कुठे आहे?

दुसरा क्रेट मागवण्याआधी, पिल्लावर ओरडण्याआधी, तीन-चार सकाळी एवढंच करा: पुसण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. डाग कुठे पडतो यावरून कारण बहुतेक वेळा कळतं.

झोपायची जागा कोरडी आणि लांबचा एखादा कोपरा ओला असेल, तर जागा जास्त आहे. पिल्लाने क्रेटचे दोन भाग केलेत, एक निजायची खोली आणि एक मोरी. स्वच्छता त्याला कळते, म्हणूनच ते कोपऱ्यात जातं. बहुतेक घरांत कारण हेच निघतं.

डाग दाराशी असेल, ट्रेवर नखांचे ओरखडे असतील, तर त्याने उठवायचा प्रयत्न केला आणि कोणाला ऐकू गेलं नाही. इथे जागेचा काही दोष नाही, अंतराचा आणि वेळेचा आहे.

पोट आणि मांड्या ओल्या, डाग अगदी झोपायच्या जागीच, आणि पिल्लू त्यावर शांत झोपलेलं असेल, तर पशुवैद्याकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग मादी पिल्लांत पुष्कळदा आढळतो. लघवीच्या साध्या तपासणीत तो कळतो आणि औषधाने बरा होतो. झोपेत सतत थेंब थेंब गळत असेल तर मूत्रवाहिनी जन्मापासूनच चुकीच्या जागी उघडत असण्याची शक्यता डॉक्टर तपासतील. असं प्रकरण कमी असतं, पण महिनोन्‌महिने शिस्त लावत बसून पिल्लाचे हाल करण्यापेक्षा एक तपासणी बरी.

आणि सगळा क्रेट ओला, लाळेने छाती भिजलेली, गज वाकवलेले, नाक सोललेलं असेल, तर ती भीती आहे. अशा पिल्लाला लहान क्रेटमध्ये कोंडणं म्हणजे भीती वाढवणं. त्याला आधी दार उघडं ठेवून, आत जेवण देऊन, माणसं समोर बसून क्रेटची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी खालचे उपाय वापरू नका.

जाळी लावूनही जागा जास्त कशी उरते

रेवा नऊ आठवड्यांची असताना घरी आली. वजन 9 किलो. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत 24 इंच, खांद्याशी उंची 16 इंच. क्रेट तिच्याआधीच आला होता: 48 इंच लांब, 30 रुंद, 33 उंच. पूर्ण वाढलेल्या लॅब्रॅडॉरलाही तो ऐसपैस होतो. त्याच्यासोबत कप्पा पाडायची जाळी, म्हणजे डिव्हायडर, आलेलाच होता. रेवाची लांबी अधिक 4 इंच असा सर्वमान्य हिशेब करून मी तो 28 इंचांवर लावला. तरी रोज सकाळी मागचा डावा कोपरा ओला.

मी डिव्हायडर आणखी पुढे सरकवला. मग तिला पाय ताणता येईनात आणि ती रात्रभर कुरकुरत राहिली. कारण मला फार उशिरा दिसलं. डिव्हायडर फक्त लांबी कमी करतो, रुंदी तेवढीच राहते. कुशीवर पाय पसरून झोपलेल्या पिल्लाला साधारण त्याच्या खांद्याच्या उंचीएवढी रुंदी लागते. रेवाला लागत होते 16 इंच आणि मिळत होते 30. तिच्या बाजूला 14 इंचांचा पट्टा मोकळा होता, एक छोटं पिल्लू आरामात बसून शू करून परत येईल एवढा. छोट्या जातींत हा प्रश्न येत नाही, कारण त्यांच्या क्रेटची रुंदीच कमी असते. पण भावी 60 किलोच्या कुत्र्याचा क्रेट 9 किलोच्या पिल्लाला दिला की रुंदीत खूप जागा उरते.

पट्ट्यात खोके भरून बघितले. दोन रात्रीत त्यांचा भुगा झाला, आणि पुठ्ठा पोटात जाण्याची भीती वेगळी. शेवटी शेजारच्या सोसायटीतल्या एकांकडून त्यांचा जुना 36 इंची क्रेट मागून आणला. तो 23 इंच रुंद आणि 25 उंच असतो. डिव्हायडर पुन्हा 28 वरच ठेवला. बाजूचा पट्टा 7 इंचांचा झाला. तिसऱ्या रात्रीपासून क्रेट कोरडा.

म्हणून माझं मत ठाम आहे: राक्षसी जातीच्या पिल्लाला पहिले तीन-चार आठवडे 36 इंची क्रेट द्या, पण तो विकत घेऊ नका. बाराव्या आठवड्यात रेवा बसली की तिचं डोकं छताला लागू लागलं आणि क्रेट परत गेला. एवढ्या दिवसांसाठी नवा घेणं परवडण्याचा प्रश्नच नाही, तो कोणाकडून तरी मागायचाच असतो.

मागून आणलेल्या क्रेटबाबत मात्र एक गोष्ट जिवाशी आहे. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या लावणाऱ्या आजाराचा, विषाणू वस्तूंवर आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि तुमच्या पिल्लाच्या लशी अजून पूर्ण झालेल्या नसतात. आधी साबणाने घासून सगळा मळ काढा, कारण मळाखाली औषध पोचत नाही. मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून सगळ्या गजांना, ट्रेला, कड्यांना लावा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, भरपूर पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. ज्या घरात वर्षभरात पिल्लू पार्व्होने गेलं असेल तिथला क्रेट आणूच नका.

मोजमाप

मापं दर रविवारी घ्या. या जातीत आठवड्यात इंच-दीड इंच वाढ सहज होते, त्यामुळे महिन्याने एकदा मोजणं पुरत नाही. शिंप्याचा टेप घ्या. पिल्लू उभं असताना नाक ते शेपटीचं मूळ, त्यात 4 इंच मिळवा, तिथे डिव्हायडर. खांद्याची उंची मोजा, आणि रुंदी त्यापेक्षा 6 ते 9 इंच जास्त असेल असं बघा. तिसरं माप बहुतेक जण विसरतात: पिल्लाला बसवून जमिनीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत. डेनची मान लांब असते, बसल्यावर डोकं आपल्या अंदाजापेक्षा बरंच वर जातं. त्या मापावर निदान 3-4 इंच मोकळे हवेत.

आमच्याकडे संपली ती उंचीच. 48 इंची क्रेट लांबीला रेवाला वर्षभर पुरला असता. पण साडेपाच महिन्यांत 33 इंच उंची अपुरी पडली. ती आत बसायचीच बंद झाली, मान वाकवून शिरायची आणि थेट आडवी व्हायची. जातीच्या मानकानुसार ग्रेट डेन नराची खांद्याशी उंची किमान 80 सेंटिमीटर आणि मादीची 72 असते, डोकं त्याच्याही वर. म्हणून 48 इंची क्रेटवर "राक्षसी जातींसाठी" असं लिहिलेलं असलं तरी डेनपुरतं ते पहिल्या सहा महिन्यांचं माप समजा. सेंट बर्नार्ड आणि मॅस्टिफ थोडे जास्त टिकतात, त्यांना आधी रुंदी कमी पडते.

डिव्हायडरबद्दल आणखी एक. लहान पिल्लांसाठी केलेल्या त्या जाळीला वर-खाली पातळ आकडे असतात. पंधरा किलोचं पिल्लू पाठ टेकून रेटतं आणि खालचा आकडा सुटतो. एका ओळखीच्या घरी आठ दिवस "जाळी असूनही मागे शू" चाललं होतं. बघितलं तर पिल्लू जाळी ढकलून मागे जायचं आणि पुढे आल्यावर जाळी आपोआप जागेवर यायची. चारही आकडे जाड केबल टायने आवळा आणि टायची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून कापा. आत राहिलेलं टोक डोळ्याला लागू शकतं.

क्रेटमध्ये असताना पट्टा गळ्यातून काढायचाच. तो गजात अडकून पिल्लू गुदमरू शकतं.

वेळ आणि रात्रीची वाट

पिल्लाचं वय महिन्यांत घ्या, त्यात एक मिळवा, तेवढे तास ही वरची मर्यादा. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, तीन महिन्यांचं चार. आकार कितीही असो, हे गणित बदलत नाही. झोपेत थोडं जास्त निभतं, पण त्यावर भरवसा नको. आम्ही अकरा, अडीच आणि साडेपाच असे गजर लावले. रेवा रडायच्या आत उठवायचं, बाहेर न्यायचं, शू झाली की शाबासकी आणि लगेच परत आत. खेळ नाही, दिवा नाही. सलग पाच कोरड्या रात्रींनंतर अडीचचा गजर पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे ढकलत नेला.

आईला सुरुवातीला क्रेट अजिबात पसंत नव्हता. "अगं, एवढंसं लेकरू, पिंजऱ्यात कशाला घालतेस?" असं ती रोज म्हणायची. पण ती हॉलमध्ये झोपायची आणि तिनेच मला सांगितलं, "ती पहाटे चारला उठून दाराशी बसते, दोनदा नख मारते आणि मग मागे जाते." मी बेडरूममध्ये दार लावून झोपत होते. क्रेट माझ्या पलंगाशेजारी आणला त्या रात्रीपासून ते नख मला ऐकू यायला लागलं. पहिले दोन महिने क्रेट माणसाच्या हाताच्या अंतरावर असावा.

फ्लॅटमध्ये अजून एक अडचण येते. बीगलचं पिल्लू काखेत उचलून तीन मजले उतरता येतात. चौदा आठवड्यांची डेन रात्री अडीचला उचलली जात नाही. ती चालते, आणि लिफ्टची वाट बघता बघता पॅसेजमध्ये करते. शिवाय लशी पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या आवारात, जिथे सगळी कुत्री फिरतात, तिथे न्यायलाही नको. आम्ही बाल्कनीत प्लास्टिकच्या मोठ्या घमेल्याऐवजी फळीच्या चौकटीत माती आणि हिरवळीचे गड्डे टाकले, तीन बाय चार फूट. सोळाव्या आठवड्यानंतर हळूहळू ते बंद करून खाली नेऊ लागलो.

पाणी तोडू नका. संध्याकाळचं मोठं जेवण आणि भरपूर पाणी झोपण्याच्या तीन तास आधी होईल असं बघा, पण पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात वाटीच उचलून ठेवणं धोक्याचं आहे. आणि जेवण झाल्याझाल्या धावायला सोडू नका. पोट फुगून पिळा पडण्याचा धोका ग्रेट डेनमध्ये सगळ्या जातींत फार वरचा आहे. जेवणानंतरचा तास-दीड तास शांत बसवायला क्रेट खरोखर कामाला येतो.

वास आणि अंथरूण

एकदा डाग पडला की त्या वासाने पुढचा पडतो. फिनाईलने पुसलं की आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, पिल्लाच्या नाकाला खालचा वास येतच राहतो, आणि फिनाईल पिल्लाच्या त्वचेला आणि पोटालाही वाईट. अमोनिया असलेली द्रावणं तर नकोच, त्यांचा वास लघवीसारखाच असतो. पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते खरंच ओलं राहू द्या. प्लास्टिकच्या ट्रेला चीर गेली असेल तर तो बदला. चिरेत मुरलेला वास कशानेच निघत नाही.

जाड गादी शोषून घेते, त्यामुळे पिल्लाला ओलं लागतच नाही आणि सवय पक्की होते. पण या जातींना नुसत्या ट्रेवर झोपवणंही बरोबर नाही. कठीण जमिनीवर वजन पडून कोपरांवर घट्टे पडतात, पाणी भरून गाठीही येतात. मी गोठ्यात गाई-म्हशींखाली घालतात ती रबरी मॅट आणली, चाकूने मापात कापली आणि वर एक सुती चादर. मॅट ओल धरत नाही, धुता येते, चावूनही फारशी तुटत नाही. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत, निदान चार ठेवा. गादी दिली ती सहा आठवडे कोरडे गेल्यावर.

काही पिल्लं मात्र हे सगळं करूनही अंथरुणातच करतात आणि त्यांना काही वाटत नाही. त्यांची चौकशी केली तर ती बहुधा विक्रेत्याकडे दिवसरात्र पिंजऱ्यात राहिलेली असतात. जिथे झोपायचं तिथेच करायचं, हे त्यांच्यावर लादलेलं असतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनी मनाई केली आहे, तरी पाच-सहा आठवड्यांची पिल्लं हातात ठेवली जातात. अशा पिल्लाला काही दिवस क्रेटच नको. धुता येईल अशा छोट्या खोलीत एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला मातीचा ट्रे, आणि दोन जागा वेगळ्या असतात हे कळलं की मग क्रेट. दोन-तीन महिने लागतात. त्याच्यावर रागावू नका, त्याला दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं.

मोठा क्रेट घ्यायचा का

54 इंच लांब, 37 रुंद आणि 45 उंच असा सर्वांत मोठा तारेचा क्रेट मिळतो, पण आपल्याकडे तो सहज मिळत नाही आणि महाग पडतो. मी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. त्याला सांगताना पुढच्या गोष्टी कागदावर द्या, तोंडी सांगू नका. पाचही बाजू सुट्या आणि नट-बोल्टने जोडायच्या, कारण बेडरूमचं दार अडीच फुटांचं असतं आणि 37 इंची पिंजरा त्यातून जात नाही. दोन गजांत दीड इंचापेक्षा जास्त फट नको, जबडा अडकतो. वेल्डिंगचे सगळे गोळे आतून ग्राइंड करून गुळगुळीत करायचे, हात फिरवून स्वतः तपासा. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या. तळाला गज नकोत, त्यात बोटं अडकतात. स्टेनलेस स्टीलचा, एक इंच काठ असलेला ट्रे हवा. साध्या लोखंडाला लघवीने दोन महिन्यांत गंज चढतो, कोकणात तर त्याआधीच. रंग दिला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत पिल्लू आत नको. चाकं लावू नका, कुत्रं उडी मारून आत शिरतं तेव्हा क्रेट सरकतो आणि ते घाबरतं.

प्लास्टिकचा बंद क्रेट आपल्या हवेत मोठ्या कुत्र्याला कोंदटतो. लाकडी दिसायला देखणा, पण एका पावसाळ्यात ओल आणि वास धरतो. आणि कुठलाही क्रेट बाल्कनीत ठेवू नका. दुपारी तीनची तिरीप कुठवर येते ते तिथे उभं राहून बघितल्याशिवाय खिडकीशीही नको.

साडेपाच महिन्यांपर्यंत पिल्लू रात्रभर कोरडं राहत असेल, वस्तू चावत नसेल, तर मोठा क्रेट न घेता चालतं. एक कोपरा आणि मुलांसाठी मिळतं तसं दाराला लावायचं फाटक पुरतं. रेवा चावत होती, वायरीसकट सगळं, म्हणून आम्हाला लागला. चौदाव्या महिन्यात त्याचं दार काढून टाकलं. ती अजून त्यातच झोपते, मागचे पाय बाहेर काढून.